तिसऱ्या पॉइंटचं पाणी

२३ सप्टेंबर, सोमवार

बोटं पुन्हा पिवळी. आयोडीन. साबणाने जात नाही, घासून जात नाही. भाऊजी म्हणाले, "असू दे, असू दे. तू काम करतेस याचा घरात एवढाच पुरावा आहे."

दर सोमवारी तेच. होडीतून तीन ठिकाणी जायचं, एक मीटर खोलीवरचं पाणी बाटलीत घ्यायचं. पॉइंट एक जेटीपाशी. दोन बोयापाशी, म्हणजे त्या नांगरलेल्या तरंगत्या खुणेपाशी. तीन पार पलीकडे, नाला जिथे समुद्राला मिळतो आणि ओहोटीला चिखलाचा पट्टा उघडा पडतो तिथे. त्याच चिखलातून भाऊजी शिंपल्या काढतात आणि विकतात. बाटलीत आयोडीनचे थेंब टाकायचे, पाण्याला फिक्या चहाचा रंग येईपर्यंत. मग ते एक दिवस उभं ठेवायचं. तळाशी बसलेलं मायक्रोस्कोपखाली मोजायचं. काय मोजायचं? शेवाळ. डोळ्यांना न दिसणारं. त्यातलं एक विषारी असतं, शिंपल्या ते खातात, माणूस शिंपल्या खातो.

दोन महिन्यांत त्या विषारी शेवाळाच्या पाच-सहाच पेशी दिसल्यात. बाकी सगळा कचरा.

सात आठवडे झाले इथे. माझ्या मानाने विक्रमच. नर्सिंग आठ महिन्यांत सोडलं, ट्रॅव्हल कंपनी चार महिन्यांत, त्यानंतर कुठे कुठे भटकले ते ताईलाही धड माहीत नाही. आता ही घरबसल्याची पदवी. शेवटी सहा महिने प्रत्यक्ष काम केल्याशिवाय कागद मिळत नाही. पाणी तपासणाऱ्या या केंद्रात दुसऱ्या कुणाचा अर्जच नव्हता म्हणून मी.

२५ सप्टेंबर, बुधवार

बाईंबद्दल एकदा लिहूनच टाकते.

केंद्र म्हणजे इथल्या प्रमुख बाई, मी आणि एक वॉचमन. बाई बोलण्यात इतकी काटकसर करतात की वाटावं शब्द मोजून मिळालेत. "उशीर." "पुन्हा." "झाकण." झाकण म्हणजे बाटलीचं झाकण उघडं राहिलंय. सबंध वाक्य एकदाच बोलल्या — मी विचारलं होतं, पाणी लाल झालं की कळेलच ना, मग मोजायचं कशाला? म्हणाल्या, "लाल पाण्याला लोक स्वतःच घाबरतात. हिचं पाणी स्वच्छ असतं."

हिचं म्हणजे ती विषारी. पेशीला पेशी चिकटून माळ होते तिची. लॅटिन नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. मी माळ म्हणते. बाईंना ते आवडत नाही. त्यांना काय आवडतं देव जाणे.

आणि मी त्यांची टपालवाली. जेटीच्या ऑफिसचा फोन वादळापासून मेलेलाच आहे. तिथल्या साहेबांकडे मोबाईल आहे, पण फोनवरचं ते काहीच मानत नाहीत. मागे कुणीतरी केंद्राच्या नावाने खोटा फोन केला आणि चिखलाचा पट्टा तीन दिवस फुकट बंद राहिला. तेव्हापासून साहेबांचं एकच. शिक्क्याचा कागद हातात आला तर लाल पाटी लावणार, नाहीतर प्रत्यक्ष समुद्र येऊन सांगू दे. त्यामुळे डिझेलची मागणी, अहवाल, पास, सगळी पाकिटं घेऊन पळायचं मी.

३० सप्टेंबर, सोमवार

आज गंमत झाली. गंमत कसली — पण झाली.

जेटीवर एक जुनी शिडाची बोट लागली होती. एक बाई आणि तिचा नवरा, दोघं साठीचे, चार वर्षं अशीच हिंडतायत. ती बाई डेकवर बसून शीड शिवत होती. म्हणाली, "ये वर, नुसतं बघतेस काय." गेले. सुई कशी धरायची ते दाखवलं. मग सांगत बसली, कुठली कुठली बंदरं, कुठे चोरी झाली, कुठे नवरा पडला आणि हिने एकटीने दोन दिवस सुकाणू धरलं. उतरले तेव्हा ओहोटी लागून गेलेली. होडीवाला म्हणाला, "आता पॉइंट तीनला होडी जायची नाही, चिखलात बसेल. दोनला जायचं तर चल."

मी म्हटलं राहू दे.

तिन्ही बाटल्या जेटीवरूनच भरल्या. लेबलं नीट लावली, वेळ टाकली. पाणी ते पाणीच ना! सात आठवडे तिन्हीकडे तोच कचरा दिसतोय.

ती बोट गुरुवारी निघणार. मला म्हणाली, "हात चांगला आहे तुझा." मला कुणी असं म्हटल्याला किती वर्षं झाली?

२ ऑक्टोबर, बुधवार

पकडले गेले. अर्ध्या मिनिटात.

मिठाचं मीटर. मला वाटायचं ते नुसतं वहीत आकडा भरण्यापुरतं. बाईंनी तिन्ही बाटल्यांत बुडवलं — एकतीस पूर्णांक चार. एकतीस पूर्णांक चार. एकतीस पूर्णांक चार. पॉइंट तीनला नाल्याचं गोडं पाणी येतं, तिथे अठ्ठावीसच्या वर आकडा कधीच जात नाही. कधीच!

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मीटर पुसलं, केसमध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, "न घेतलेलं पाणी चालतं. कोरी ओळ सोडता येते. खोट्या पाण्याचं काय करायचं?" आणि दारातून जाताना, "होडीचा पास जेटीकडून मिळतो. पुन्हा झालं तर साहेबांना एक कागद जाईल."

मी सॉरी म्हटलं. ऐकलं की नाही माहीत नाही.

संध्याकाळी भाऊजींना कुठून कळलं कोण जाणे. जेटीवर भिंतींनाही कान आहेत आणि होडीवाल्याला तर तोंडही. "आमच्या मेहुणीबाईंनी समुद्राचा एक कोपरा रद्द केला," असं जेवताना सांगत होते. ताई हसली नाही. नुसतं म्हणाली, "हे तरी पूर्ण कर गं."

३ ऑक्टोबर, गुरुवार

शिडाची बोट गेली. मी नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

तिन्ही पॉइंट. वेळेवर. तीनचं मीठ सत्तावीस पूर्णांक नऊ. वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. बाईंनी पाहिलं, पान उलटलं.

आता मायक्रोस्कोपजवळ माझ्यामागे येऊन उभ्या राहतात. मानेवर श्वास लागतो. सांगावंसं वाटतं, बाई, चोर असले तरी मोजता येतं मला. मोजण्यात मी खोटेपणा केलेला नाही. फक्त पाण्यात केला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

ताईशी भांडण. कारण काहीच नाही. कारण मीच. ती म्हणाली, तू कुठेही गेलीस की तिथली माणसं वाईटच कशी निघतात? नर्सिंगची मेट्रन वाईट, ट्रॅव्हलवाला वाईट, आता ही बाई वाईट.

होती मेट्रन वाईट!

भाऊजी मध्ये पडले. "अगं, सोड तिला. पाण्यात बघून बघून पोरीचं डोकं तरंगायला लागलंय." भाऊजी टोमणे मारतात पण ताटात पहिलं मला वाढतात. या घरात मी भाडं देत नाही याची आठवण त्यांनी एकदाही करून दिलेली नाही. हे लिहून ठेवते, कारण मी बाकीच्यांचं फक्त वाईटच लिहिते असं ताईचं म्हणणं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पाणी घेतलं. समुद्र काचेसारखा. पॉइंट तीनला तळाचा चिखल दिसत होता, भाऊजींनी खणलेले खड्डेसुद्धा. होडीवाला म्हणाला, "एवढं निवळ पाणी वर्षातून एकदा दिसतं." मला बाईंचं ते स्वच्छ पाण्याचं वाक्य आठवलं आणि मी उगाच बाटलीचं झाकण पुन्हा आवळलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

नीट लिहिते.

मंगळवार-बुधवार बाईंनी मला जुन्या बाटल्या धुवायला लावल्या म्हणून मोजणी आज. पॉइंट एक, काही नाही. दोन, एक छोटी माळ. तीन — भिंगाखालच्या पहिल्याच पट्ट्यात माळ. चार पेशींची. मग आठ. मग दोन माळा एकमेकींवर. मला आधी वाटलं मी तीच तीच मोजतेय. उठले, तोंड धुतलं, पुन्हा बसले. लिटरमागे दोन हजार तीनशे. दुसऱ्यांदा दोन हजार चारशे साठ. आमची हद्द हजाराची. हजाराच्या वर गेलं की शिंपल्यांचा पट्टा बंद, कारण हे विष शिजवून जात नाही. ओठांना मुंग्या, मग हातापायांना, मग श्वास.

बाईंकडे वही नेली. आकडा पाहिला. माझ्याकडे पाहिलं.

"तीनला गेली होतीस?"

बस्. एवढंच! मीठ सत्तावीस पूर्णांक सहा, समोर लिहिलेलं. वेळ लिहिलेली. मी म्हटलं, होडीवाल्याला विचारा. नाहीतर मला ढकलून द्या समुद्रात आणि तुम्हीच मोजा. असंच म्हटलं, याच शब्दांत. त्या म्हणाल्या, "परत मोज."

परत मोजलं. दोन हजार तीनशे ऐंशी. बाईंनी ते मोजणीचं काचेचं भांडं माझ्या हातातून घेतलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. मी अर्धा तास व्हरांड्यात उभी. मग घरी आले.

वाटेत होडीवाला भेटला. दात काढत म्हणाला, "बाई मला फोन करून विचारत होत्या, सोमवारी तू खरंच होडीत होतीस का." विचारलंच म्हणजे!

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बाई सुट्टीवर गेल्या. आकडा टेबलावर, विष पाण्यात, आणि बाई सुट्टीवर. दुपारच्या बसने. शहरात त्यांची बहीण असते असं वॉचमन सांगत होता. आणि जाताना काय नेलं? बर्फाचा डबा, आणि त्यात दोन किलो शिंपल्या. वॉचमनला पाठवून चिखलातून ताज्या आणवल्या. बहिणीच्या घरी पाहुणचार! म्हणजे मी तीन वेळा मोजलेला आकडा त्यांच्या लेखी शून्य. मी खोटी, म्हणून समुद्रही खोटा.

खांद्याने कानाशी दाबलेला फोन, एका हातात डबा. दुसऱ्या हाताने मला पाकीट दिलं. चिकटवलेलं, वर शिक्का. "जेटीच्या साहेबांना. आजच. हातात दे." आणि पुन्हा फोनवर, हो, पोचते, सहापर्यंत थांबा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साहेबांना एक कागद. बोलल्याच होत्या ना! काल उलट बोलले त्याचं बक्षीस. माझी फाशी आणि ती नेऊन पोचवायची मीच. वा!

जेटीपर्यंत गेले. साहेब खिडकीत बसून नखं कापत होते. मी लाल पाटी लावतात तिथे थांबले — जागा रिकामी, एक खिळा निघालेला. पाकीट बॅगेच्या मागच्या कप्प्यात सरकवलं, चेन लावली. सोमवारी देईन. दोन दिवस पास माझ्याकडे राहिला तर कुणाचं काय जातंय?

मग बसस्टँडवर जाऊन बसले. कुठल्या गाड्या कुठे जातात ते वाचत. एक लंगडा कुत्रा प्रत्येक गाडीत चढून बघायचा आणि कंडक्टरने हाकललं की दुसऱ्या गाडीकडे जायचा. पाच गाड्या झाल्या. मी हसले आणि मग हसू आलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

भाऊजींना सांगितलं. सगळं, आकड्यासकट. ते खोरं घासत होते, उद्या मोठी ओहोटी, सोमवारच्या गाडीला माल द्यायचाय.

"किती म्हणालीस?"

"दोन हजार तीनशे. हद्द हजार."

"बाई काय म्हणाल्या?"

"बाई स्वतःच दोन किलो घेऊन गेल्या."

भाऊजी मोठ्याने हसले. "मग झालं तर!" मी ओरडले, त्यांना काय कळतं, मी मोजलंय. तेव्हा हसायचे थांबले. म्हणाले, "हे बघ. मी काही वेडा नाही. लाल पाटी लागली की खोऱ्याला हात लावत नाही, सतरा वर्षांत लावलेला नाही. जेटीवर लाल पाटी आहे का? आत्ता येताना बघितलं मी. नाही. तू म्हणतेस म्हणून घरी बसू? मागच्या महिन्यात तू म्हणालीस तेही पाणी खरं नव्हतं, बाळा."

बाळा म्हणाले. त्याने जास्त लागलं.

ताई आतून म्हणाली, "ती म्हणतेय तर एक दिवस राहू द्या ना." तिने माझी बाजू घेतली! भाऊजी म्हणाले, "गाडीवाल्याला काय सांगू? मेहुणीला स्वप्न पडलं?"

बाईंना मेसेज टाकला — लोक शिंपल्या काढतायत, तुम्ही मजा करा. अजून एकच टिक, फोन बंद ठेवलाय.

२० ऑक्टोबर, रविवार

भाऊजींनी दुपारी काढल्या. पाच टोपल्या सोमवारच्या गाडीला आणि एक भांडं घरी. ताई शिंपल्या खात नाही, लग्नापासून वास घेऊन घेऊन तिला वीट आलाय. मी उठून बाहेर गेले. भाऊजी एकटे जेवले. मला हाक मारून म्हणाले, "ये शास्त्रज्ञ, साक्षीदार तरी हो." एकेक शिंपली मला दाखवून रिकामी करत होते, टरफलं ओळीने मांडत. एकतीस मोजली मी. सवयच लागलीये.

चार वाजता म्हणाले, "मिरी जास्त पडली का गं? ओठ चुरचुरतायत."

ताईने माझ्याकडे पाहिलं.

पाचला बोटांत मुंग्या. तरी विनोद. "बाईंना सांग, मीटर लावा मला." साडेपाचला कप हातातून पडला. भाऊजी उठायला गेले आणि पाय नव्हतेच जागेवर. शेजाऱ्याची गाडी. मी मागे बसून त्यांचं डोकं धरलं होतं. नर्सिंगच्या आठ महिन्यांत शिकलेलं एकच आठवलं, श्वास मोज. मोजत होते. कमी होत होते. दवाखान्याच्या दारात मी ओरडून सांगितलं, शिंपल्यांचं विष आहे, लिटरमागे दोन हजार. तिथला डॉक्टर पोरसवदा होता, पण ऐकलं त्याने. माझं कुणीतरी ऐकलं. लगेच नळी घातली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मशीन श्वास घेतंय. डॉक्टर म्हणतात या विषावर औषध नाही, शरीर बाहेर टाकेपर्यंत वाट बघायची. आज-उद्याचा दिवस काढला तर उठतील. आणि म्हणाले, त्यांना सगळं ऐकू येत असेल, फक्त हलता येत नाही. जपून बोला.

ताई त्यांच्या कानाशी बसून गाडीवाल्याचा हिशोब सांगतेय. गाडी परत पाठवली, पाच टोपल्या पुरल्या. उशीर झाला असता तर अख्ख्या बाजाराला वाटल्या गेल्या असत्या.

जेटीचे साहेब आले. टोपी हातात. ताईने त्यांना धारेवरच धरलं — "माझ्या बहिणीने सांगितलं होतं. तीन वेळा मोजलं तिने. शनिवारी घरी सांगितलं. कुणी ऐकलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा ताई माझ्याबद्दल असं बोलत होती, माझ्याच समोर, खांद्यावर हात ठेवून. साहेब म्हणाले, "ताई, मला कागदच नाही मिळाला. कागद आला असता तर दहा मिनिटांत पाटी. खिळासुद्धा नवा आणून ठेवलाय मी."

मी म्हटलं, "बाईंनी कागद काढलाच नाही. त्या सुट्टीवर गेल्या." सगळ्यांसमोर म्हटलं. नर्स होती, शेजारी होते. बोलताना बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं.

बाईंचा फोन आला. कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ताईने पाहिलं, म्हणाली, "नको उचलूस. आता वर तक्रारच करू. एका माणसाच्या आळसापायी—" आणि रडायला लागली.

साहेबांचा पास अजून माझ्याच खिशात आहे. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. विसरले असतील.

नाही. त्यांना ते पाकीट मिळालेलंच नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंचं पाकीट फाडून टाकायचं म्हणून बॅगेतून बाहेर काढलं. फाडण्याआधी वाचलं.

'चिखलपट्ट्यातील शिंपल्या काढणे व विकणे तात्काळ बंद करावे. विषाच्या तपासणीसाठी नमुना मुख्य प्रयोगशाळेत स्वतः नेत आहे.' तारीख अठरा. शिक्का. खाली — मोजणी, आणि माझं नाव, आडनावासकट. फेरमोजणी, बाईंचं. फेरमोजणीचा आकडा दोन हजार तीनशे ऐंशी. माझाच.

भाऊजींनी सकाळी डोळे उघडले. माझ्याकडेच बघत होते.

ताईने पेन आणून दिलंय. म्हणतेय, बाईंवरची तक्रार तूच लिही, तुला सगळं माहीत आहे.